रात्रीच्या डेटा-जॉबसाठी डेटाबेसचा पासवर्ड ठेवायचा कुठे आणि बदलायचा कसा?

प्रश्न : रात्रपाळी

नमस्कार. मी एका मध्यम आकाराच्या वितरण कंपनीच्या डेटा विभागात काम करतो. आमच्या एका उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीतून, रोज रात्री तीस-पस्तीस जॉब चालतात. त्यांतील बहुतेक पायथनमध्ये आहेत, काही साध्या शेल स्क्रिप्ट आहेत आणि काही जुने पेंटाहो या डेटा-हाताळणीच्या साधनाचे आहेत. बिलिंगच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधून आणि गोदामाच्या मायएसक्यूएल डेटाबेसमधून माहिती उचलायची, ती स्वच्छ करायची आणि सकाळच्या अहवालांसाठी दुसऱ्या एका पोस्टग्रेसमध्ये भरायची, एवढेच त्यांचे काम आहे.

अडचण अशी की पोस्टग्रेसचे सगळे जॉब एकाच युजरने लॉगिन करतात आणि तो युजर दोन्ही डेटाबेसचा मालक आहे. त्याचा पासवर्ड एका कॉन्फिग फाइलमध्ये असून ती फाइल कोडसोबत गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सर्व आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, आहे. काही शेल स्क्रिप्टमध्ये मायएसक्यूएलचा पासवर्ड थेट कमांडमध्येच लिहिलेला आहे, तर पेंटाहोच्या फाइलींमध्ये तो ‘एन्क्रिप्टेड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या लांबलचक अक्षरमालेच्या रूपात दिसतो. यंदाच्या ऑडिटमध्ये ‘पासवर्ड साध्या मजकुरात ठेवलेले आहेत’ असा शेरा आला आहे.

एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की कॉन्फिग फाइल एन्क्रिप्ट करावी आणि जॉब सुरू होताना ती उलगडावी. दुसऱ्याच्या मते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला सुरू होताना बाहेरून मिळणाऱ्या किमती) पुरेसे आहेत. तिसरा व्हॉल्ट, म्हणजे गुपिते सांभाळणारा वेगळा सर्व्हर, बसवा म्हणतो, पण आम्ही दोघेच जण हे सारे सांभाळतो, त्यामुळे आणखी एक सर्व्हर अंगावर घ्यायला वरिष्ठ तयार नाहीत. शिवाय हा पासवर्ड सुरुवातीपासून कधी बदललेलाच नाही, कारण तो बदलल्यावर नेमके कोणकोणते जॉब बंद पडतील हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुना डीबीए

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. पासवर्ड कुठे लपवावा यावर चर्चा पुष्कळ होते, परंतु एखाद्या साध्या दुपारी, कोणाला न घाबरवता, तो बदलता येतो की नाही यावर सुरक्षिततेचे मोजमाप जास्त खरे होते. पासवर्ड फुटला आहे असा संशय आला आणि तरीही ‘आत्ता बदलायला नको, महिनाअखेर आहे’ असे म्हणावे लागले, तर तो कितीही चांगल्या तिजोरीत असला तरी उपयोग नाही.

आधी एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीबद्दल. रात्री दोन वाजता पासवर्ड टाइप करायला माणूस नसतो, म्हणून जॉबला तो स्वतःहून वाचता आला पाहिजे. याचा सरळ अर्थ असा की ज्या लिनक्स खात्याखाली जॉब चालतो ते खाते, किंवा रूट हे सर्वाधिकारी खाते, ज्याच्या हाती लागेल त्याला जॉबला जे वाचता येते ते सगळे वाचता येणार. फाइल एन्क्रिप्ट केली आणि तिची की त्याच सर्व्हरवर, त्याच खात्याला वाचता येईल अशी ठेवली, तर ते दाराला कुलूप लावून किल्ली बाहेरच्या खुंटीला अडकवण्यासारखे आहे. पेंटाहोचे ते ‘एन्क्रिप्टेड’ही तसेच. ते मूळ रूपात वापरले असेल तर त्यामागची की सर्वांना ठाऊक असलेली आणि ठरलेली आहे, त्यामुळे ती अक्षरमाला कोणालाही उलटवता येते. ऑडिटरला ते एन्क्रिप्शन म्हणून दाखवू नये.

म्हणून पहिले काम युजर वेगळे करण्याचे. बिलिंगमधून वाचणाऱ्या जॉबसाठी एक युजर करा आणि त्याला लागणाऱ्या नेमक्या टेबलांवर फक्त ‘सिलेक्ट’चा अधिकार द्या. पोस्टग्रेस १४ पासून सर्व माहिती वाचण्याचा एक तयार रोल, म्हणजे अधिकारांचा संच, मिळतो आणि घाईत तोच देऊन टाकण्याचा मोह होतो, परंतु त्याने पगाराच्या टेबलासकट सगळे खुले होते. युजरला ‘केवळ वाचन’ अशी डिफॉल्ट सेटिंग देणे ही सोय आहे, संरक्षण नव्हे, कारण ती सेटिंग त्या युजरला स्वतःच्या सेशनमध्ये बदलता येते. अहवालाच्या डेटाबेसमध्ये भरणा करणारा युजर निराळा असावा आणि त्याचे अधिकार त्या स्कीमापुरतेच, म्हणजे टेबलांच्या त्या गटापुरतेच, असावेत.

दुसरे, पोस्टग्रेसच्या प्रवेश-नियमांच्या फाइलीत, म्हणजे पीजी-एचबीए फाइलीत, या युजरला फक्त तुमच्या जॉब-सर्व्हरच्या पत्त्यावरून, टीएलएसवर (एन्क्रिप्टेड जोडणीवर) आणि स्क्रॅम या, पासवर्ड उघडा न पाठवणाऱ्या पद्धतीनेच प्रवेश द्या. येथे एक बारकावा वारंवार निसटतो. त्या फाइलीत वरून खाली जाताना जुळणारी पहिली ओळच लागू होते. खाली कुठेतरी ‘सर्वांना सर्व डेटाबेस’ अशी जुनी ओळ असेल, तर दुसऱ्या यंत्रावरून आलेले कनेक्शन तुमच्या ओळीशी जुळणार नाही आणि घरंगळत त्या सैल ओळीवर जाऊन आत येईल. म्हणून परवानगीच्या ओळीखाली लगेच त्याच युजरला इतर सर्व पत्त्यांवरून नकार देणारी ओळ लिहा. एवढे केले की पासवर्ड चोरणाऱ्याला आधी तुमच्या जॉब-सर्व्हरपर्यंत पोहोचावे लागते.

टीएलएसची दुसरी बाजू क्लायंटची. पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीची डिफॉल्ट पद्धत ‘जमले तर टीएलएस’ अशी आहे आणि तीत सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जात नाही. संपूर्ण पडताळणीची, म्हणजे व्हेरिफाय-फुल ही पद्धत स्वतःहून लावावी लागते.

आता ठेवायचे कुठे. जॉबसाठी वेगळे लिनक्स खाते करा, माणसांची खाती त्यात मिसळू नका, आणि त्या खात्याच्या होम डिरेक्टरीत पीजीपास ही पोस्टग्रेसची पासवर्ड-फाइल ठेवा. प्रत्येक ओळीत होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर आणि पासवर्ड विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले असतात. पासवर्डमध्येच तसे चिन्ह किंवा उलटी तिरपी रेघ असेल, तर तिच्या आधी आणखी एक उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. फाइलीची परवानगी ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणे) पेक्षा सैल असेल तर लायब्ररी ती फाइल वाचतच नाही, ही शिस्त मला फार आवडते. पायथनमधून पोस्टग्रेसशी बोलणारे सायकोपीजी हीच लायब्ररी वापरत असल्याने पायथनच्या कोडमधून पासवर्ड काढून टाकला की काम झाले, नवीन कोड लिहावा लागत नाही. पेंटाहोच्या कनेक्शनमध्ये पासवर्डच्या जागी व्हेरिएबल वापरून त्याची किंमत त्याच खात्याच्या केटल प्रॉपर्टीज फाइलीत ठेवता येते. तीही ०६०० ठेवा. मायएसक्यूएलसाठी त्याच धर्तीची ऑप्शन फाइल आहे. त्यांचे लॉगिन-पाथचे साधनही आहे, परंतु त्यातली फाइल केवळ अस्पष्ट केलेली असते, हे लक्षात असू द्या.

हो, हा साधाच मजकूर आहे. पण तो एकाच जागी आहे, कोडबाहेर आहे, एकाच खात्याला दिसतो आणि एक ओळ बदलून बदलता येतो. तुमच्या दोघांच्या चमूसाठी मी येथून सुरुवात करेन.

कमांडमध्ये पासवर्ड लिहिणे मात्र आजच थांबवा. लिनक्सवर नेहमीच्या मांडणीत कोणत्याही प्रोसेसची पूर्ण कमांड त्या यंत्रावरच्या प्रत्येक खात्याला पाहता येते. मायएसक्यूएलचा क्लायंट सुरू झाल्यावर आपला पासवर्ड झाकण्याचा प्रयत्न करतो, परंतु मधल्या क्षणात तो दिसू शकतो.

उत्तर : तारांगण

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा मुद्दा वर राहिला. ते कमांडइतके उघडे नसतात. लिनक्सवर दुसऱ्या सामान्य खात्याला ते वाचता येत नाहीत. परंतु जॉबने सुरू केलेल्या प्रत्येक उप-प्रोसेसला ते आपोआप मिळतात आणि प्रोग्रॅम कोसळल्यावर तयार होणाऱ्या अहवालात अनेकदा सगळेच्या सगळे छापले जातात. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजातही पासवर्डचे व्हेरिएबल वापरू नये, पासवर्ड-फाइल वापरावी, असेच सुचवले आहे.

व्हॉल्टबद्दल माझे मत वरिष्ठांच्या बाजूचे आहे, पण कारण वेगळे. व्हॉल्टमधून पासवर्ड घ्यायला जॉबला आधी व्हॉल्टला आपली ओळख पटवावी लागते. जॉब क्लाउडवरच्या यंत्रावर असेल तर ती ओळख क्लाउडच देतो. ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड डेटाबेस-सेवेवर तर डेटाबेसच्या लॉगिनसाठीच पासवर्डऐवजी पंधरा मिनिटे चालणारे टोकन मिळते, आणि एकदा जुळलेले कनेक्शन टोकनची मुदत संपल्यावरही चालू राहते, म्हणून लांबलेल्या जॉबची अडचण होत नाही. ऑफिसमधल्या सर्व्हरला अशी जन्मजात ओळख नसते. तेथे व्हॉल्टचेच एक गुपित फाइलीत ठेवावे लागते, म्हणजे प्रश्न एक पायरी मागे सरकतो, सुटत नाही. त्यातही व्हॉल्टचा खरा फायदा लपवण्यात नाहीच. प्रत्येक जॉबला त्या रात्रीपुरता नवा डेटाबेस-युजर काढून देणे आणि कोणी कधी काय मागितले याची नोंद ठेवणे, हा तो फायदा. तो हवा असेल आणि रात्री व्हॉल्ट बंद पडल्यावर उठणारा माणूस असेल, तर जरूर बसवा.

मधला मार्ग म्हणून क्रॉनऐवजी लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचे टायमर पाहावेत. सिस्टमडी २४७ पासून लोड-क्रेडेन्शियल नावाची सोय आहे. पासवर्डची मूळ फाइल रूटच्या मालकीची राहते आणि जॉब चालू असेपर्यंतच, फक्त त्या जॉबला, वेगळ्या डिरेक्टरीत तिची प्रत मिळते. जॉब संपला की प्रत जाते. तीच फाइल डिस्कवर एन्क्रिप्ट करून यंत्राच्या टीपीएम या सुरक्षा-चिपशी बांधून ठेवण्याची सोय २५० मध्ये आली. उबुंटू २२.०४ मध्ये २४९ आहे, त्यामुळे ती तेथे मिळणार नाही, २४.०४ मध्ये मिळेल. चोरलेल्या डिस्कवर किंवा बॅकअपच्या प्रतीत पासवर्ड वाचता येऊ नये, ही गरज त्यातून खरोखर भागते.

प्रतिसाद : नाममात्र

एक साधी विचारणा. अहवालांचे पोस्टग्रेस याच जॉब-सर्व्हरवर आहे का? असेल तर तेथे पासवर्डची गरजच नाही. युनिक्स सॉकेटवरून, म्हणजे यंत्राच्या आतल्याच जोडणीवरून, ‘पीअर’ पद्धतीने लॉगिन करा. कोणत्या लिनक्स खात्याची प्रोसेस बोलते आहे हे कर्नल सांगतो आणि पोस्टग्रेस त्याच नावाच्या युजरला आत घेतो. जे अस्तित्वातच नाही ते फुटण्याचा प्रश्न येत नाही.

प्रतिसाद : रात्रपाळी

सर्वांचे आभार. होय, अहवालांचे पोस्टग्रेस याच यंत्रावर आहे, त्यामुळे तो भाग पीअर पद्धतीवर नेता येईल. बिलिंगचे यंत्र मात्र वेगळे असून त्याची देखभाल एक बाहेरची कंपनी करते.

आता दोन शंका उरतात. नवे युजर केले तरी जुना मालक-युजर बंद करताना काय तुटेल हे आधी कसे कळावे, आणि पुढे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा तर रात्रीचे जॉब न थांबवता तो कसा बदलावा? दुसरी शंका गिटबद्दल. पूर्वीच्या कमिटमधून (जतन झालेल्या जुन्या आवृत्त्यांमधून) पासवर्ड पुसून टाकणे पुरेसे आहे का? आमचे रेपो (कोडचे भांडार) खासगी आहे, कंपनीबाहेर कोणाला दिसत नाही.

उत्तर : जुना डीबीए

गिटचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपते. पुसणे हे पहिले काम नव्हे, पासवर्ड बदलणे हे पहिले काम. जुने कमिट पुन्हा लिहिता येतात, पण प्रत्येकाच्या लॅपटॉपवरच्या प्रती, बॅकअप आणि बिल्ड-सर्व्हरवरच्या प्रती तशाच राहतात. पासवर्ड बदलला की तो इतिहास निरुपद्रवी होतो आणि मग पुसायचा की नाही हे सवडीने ठरवता येते. खासगी रेपोच्या भरवशावरही राहू नये. २०१६ मध्ये उबरच्या सुमारे ५ कोटी ७० लाख ग्राहक व चालकांची माहिती गेली, तेव्हा हल्लेखोरांना क्लाउडच्या चाव्या खासगी गिटहब रेपोमध्येच सापडल्या होत्या. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेचे उदाहरण उलट टोकाचे आहे. तिच्या कोडचा काही भाग डेटा-सर्व्हरच्या चावीसह डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत गिटहबवर उघडा होता आणि २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते व ग्राहक-क्रमांक पाहिले गेले असण्याची शक्यता कंपनीने जाहीर केली. या दुसऱ्या घटनेत मला चूक होण्यापेक्षा तीच चावी इतकी वर्षे चालत राहिली हे अधिक बोचते.

आता जुना युजर. तो नेमके कोण वापरते हे डेटाबेसलाच विचारा. पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची लॉग-नोंद सुरू करा आणि चालू सेशनच्या यादीत त्या युजरच्या नावापुढे कोणते पत्ते दिसतात ते पाहत राहा. प्रत्येक जॉबच्या कनेक्शनमध्ये ॲप्लिकेशनचे नाव म्हणून जॉबचेच नाव भरले, तर ही यादी फार बोलकी होते. निदान एक पूर्ण महिनाअखेर त्यात यायला हवी, कारण महिन्यातून एकदाच चालणारी, कोणाच्याच लक्षात नसलेली स्क्रिप्ट नेहमी तेव्हाच डोके वर काढते. बहुधा एखाद्याच्या एक्सेलमधले जुने कनेक्शनही सापडेल. एकेक जॉब नव्या युजरवर नेत जा आणि नोंदी थांबल्या की जुना युजर काढून टाकू नका, त्याचा लॉगिनचा अधिकार तेवढा काढा. काही अडले तर एका कमांडने तो परत देता येतो. एक ध्यानात असू द्या की लॉगिन बंद केल्याने किंवा पासवर्ड बदलल्याने आधीपासून जुळलेली कनेक्शने तुटत नाहीत, ती वेगळी तोडावी लागतात.

पुढच्या बदलांसाठी जोडीची पद्धत वापरा. वाचनाचे सर्व अधिकार एका लॉगिन नसलेल्या रोलला द्या आणि त्याचे सदस्य म्हणून ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन लॉगिन-युजर करा. जॉब सध्या ‘अ’ वापरत असतील, तर दुपारी ‘ब’चा नवा पासवर्ड तयार करायचा, नव्या जोडीने एकदा हाताने लॉगिन करून पाहायचे आणि मग जॉबना ‘ब’कडे वळवायचे. ‘अ’ अजून चालू असल्याने अर्धवट राहिलेला जॉबही पडत नाही. दोन-तीन रात्री नोंदीत ‘अ’ दिसला नाही की त्याचे लॉगिन बंद करायचे. पुढच्या खेपेस भूमिका उलट. युजरचे नावही बदलणार असल्याने नाव आणि पासवर्ड दोन्ही कोडबाहेर असले पाहिजेत. त्यासाठी पोस्टग्रेसची सर्व्हिस फाइल आहे, कोडमध्ये फक्त सर्व्हिसचे नाव राहते.

टेबले तयार करणाऱ्या जॉबला ही जोडी लावताना एक खाच लागते. ‘अ’ने बनवलेल्या टेबलाची मालकी ‘अ’कडे जाते आणि ‘ब’ला ते बदलता येत नाही. उपाय असा की दोन्ही युजरना लॉगिन होताच त्या सामायिक रोलमध्ये शिरण्याची सेटिंग ऑल्टर रोल या कमांडने कायमची देऊन ठेवावी, म्हणजे मालकी नेहमी रोलकडेच राहते.

मायएसक्यूएल ८.०.१४ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर तेथे एकाच युजरला जुना आणि नवा असे दोन पासवर्ड काही काळ एकत्र चालतात, त्यामुळे जोडीची गरज नाही.

पासवर्ड बदलण्याची कमांडही सांभाळून द्या. ऑल्टर रोलमध्ये पासवर्ड साधाच लिहिला तर तो सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि तुमच्या पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-साधनाच्या हिस्टरी फाइलीत जाऊन बसू शकतो. पीएसक्यूएलमध्ये यासाठी उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणारी ‘पासवर्ड’ अशी स्वतंत्र कमांड आहे. ती क्लायंटवरच पासवर्डचे रूपांतर करून मग पाठवते.

उत्तर : तारांगण

लॉगचा विषय निघालाच आहे म्हणून. पासवर्ड फाइलीत नीट ठेवूनही तो लॉगमधून गळतो. शेल स्क्रिप्टमध्ये तपासणीसाठी प्रत्येक कमांड छापण्याचा पर्याय चालू राहतो, किंवा पायथनमध्ये कनेक्शनची संपूर्ण यूआरएल तयार करून तीच चुकीच्या संदेशात छापली जाते आणि क्रॉन तो सगळा मजकूर ईमेलने पाठवतो. रात्री पडलेल्या जॉबचे जुने ईमेल एकदा शोधून पाहा.

ऑडिटच्या दृष्टीने आणखी एक. बिलिंगमध्ये ग्राहकांची नावे आणि मोबाइल क्रमांक असणारच. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात वाजवी सुरक्षा-उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते व लॉग १८० दिवस जपावे लागतात. कनेक्शनच्या नोंदी सुरू करणारच आहात, तर त्या तेवढे दिवस टिकतील अशीच जागा ठेवा.

प्रतिसाद : रात्रपाळी

बिलिंग सांभाळणाऱ्या कंपनीशी बोललो. स्वतंत्र वाचन-युजर केल्यास त्यांच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी घेणार नाही, असे ते म्हणतात.

उत्तर : जुना डीबीए

हे उत्तर ठरलेलेच असते. त्यांच्याकडे टेबलांवर अधिकार मागू नका, वेगळ्या स्कीमात तुमच्या गरजेपुरते तीन-चार व्ह्यू (टेबलांतली निवडक माहिती दाखवणाऱ्या जतन केलेल्या क्वेरी) आणि त्या व्ह्यूंवर वाचनाचा अधिकार मागा. त्यांच्या टेबलांना आणि कोडला हात लागत नाही, व्ह्यूत मोबाइल क्रमांकाचा कॉलम न घेण्याची सोय होते आणि टेबलाची रचना बदलली तर त्यांनाही ते लगेच कळते, हे त्यांना लेखी मांडा. तेही नाकारले, तर निदान सध्याचा युजर फक्त त्यांच्या ॲप्लिकेशन-सर्व्हरच्या आणि तुमच्या जॉब-सर्व्हरच्या पत्त्यावरून आत येईल, अशा ओळी प्रवेश-नियमांच्या फाइलीत घालून घ्या. त्या फाइलीतला बदल लागू करायला डेटाबेस बंद करावा लागत नाही, रीलोड पुरतो, त्यामुळे नाकारायला त्यांच्याकडे तांत्रिक कारण उरत नाही. नकार आलाच तर तो ईमेलवर घ्या आणि ऑडिटच्या उत्तराला जोडा.